मंजुरी मोकळ्या मजल्याला, माणसे मात्र केबिनमध्ये : अग्निशमन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा,
आणि राज्यातील सर्व महानगरपालिकांचे मुख्य अग्निशमन अधिकारी

विषय : कार्यालयीन इमारतींतील फायर अलार्मची तपासणी आतले इंटिरिअर पूर्ण झाल्यावर पुन्हा होण्याबाबत

महोदय / महोदया,

मी कार्यालयीन इमारतींच्या फायर अलार्मचे आराखडे करते. हिंजवडी, खराडी, बाणेर, ऐरोली अशा भागांत उभ्या राहणाऱ्या इमारतींत डिटेक्टर कुठे बसवायचा, हूटर म्हणजे इशाऱ्याचे भोंगे किती लावायचे, आग लागल्यावर कोणता पंखा बंद पडला पाहिजे आणि कोणते दार आपोआप सुटले पाहिजे, हे ठरवणे माझे काम. आपल्या कार्यालयात येणाऱ्या नकाशांच्या गठ्ठ्यात लाल ठिपक्यांची जी पाने असतात, त्यांतली काही माझ्या हातची असतात. आज त्या पानांबद्दलच लिहिते आहे. आपण ज्या मजल्याला मंजुरी देता तो मजला, आणि पुढे लोक ज्यात बसून काम करतात तो मजला, हे दोन्ही बहुतेक वेळा वेगळे असतात.

भाड्याने द्यायची कार्यालयीन इमारत बिल्डर आतून मोकळी बांधतो. खांब, स्लॅब, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, बाकी सगळा मजला अखंड. त्या अखंड मजल्यावर आम्ही डिटेक्टरची जाळी टाकतो. सपाट छताखाली कुठलाही बिंदू जवळच्या स्मोक डिटेक्टरपासून साडेसात मीटरच्या आत यावा, हे आमचे गणित. मोकळ्या मजल्यावर ते सहज जुळते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा आगीपासूनच्या सुरक्षेचा चौथा भाग आणि फायर अलार्मचे भारतीय मानक आयएस २१८९ या दोन्हींच्या कसोटीला आराखडा उतरतो, आपले अधिकारी येऊन पाहणी करतात, अंतिम ना हरकत दाखला मिळतो आणि भोगवटा प्रमाणपत्रही मिळते. या टप्प्यापर्यंतच्या कामात मला फारसा दोष दिसत नाही. आपल्या दलातल्या कित्येक अधिकाऱ्यांनी माझे आराखडे बारकाईने वाचून त्यांतल्या त्रुटी दाखवल्या आहेत आणि त्यामुळे ते सुधारलेही आहेत.

त्यानंतर मजला भाड्याने जातो आणि भाडेकरू कंपनीचा इंटिरिअर ठेकेदार कामाला लागतो. काचेच्या केबिन, बैठकीच्या खोल्या, फोनवर बोलायचे बूथ, सर्व्हर रूम, यूपीएसची खोली, पँट्री, स्टोअर. स्लॅबखाली फॉल्स सीलिंग येते. जुने डिटेक्टर एकतर त्या सीलिंगच्या वर अडकून पडतात किंवा जिथे टाइल कापायला सोपी जाईल तिथे खाली आणले जातात. लाल ठिपक्यांचे ते मंजूर पान आता दुसऱ्याच एका मजल्याचे झालेले असते, आणि नवे पान काढायला कुणी सांगत नाही.

मानकांत यासाठी लागणारे जवळपास सगळे लिहिलेले आहे. छतापासून ३०० मिलिमीटरच्या आत पोचणारे पार्टिशन डिटेक्टरच्या हिशेबात भिंत धरायचे. म्हणजे काचेच्या केबिनची रांग उभी राहिली की प्रत्येक केबिन ही वेगळी खोली झाली आणि प्रत्येकीला स्वतःचा डिटेक्टर हवा. फॉल्स सीलिंगच्या वरची पोकळी ८०० मिलिमीटरहून खोल असेल तर तिथेही डिटेक्टर हवा, आणि वरच्या डिटेक्टरने इशारा दिल्याचे खाली उभ्या माणसाला कळावे म्हणून सीलिंगखाली रिस्पॉन्स इंडिकेटर, म्हणजे एक छोटा दिवा. एसीची हवा ज्या जाळीतून येते तिच्यापासून डिटेक्टर किमान एक मीटर दूर ठेवायचा, नाहीतर धूर डिटेक्टरपर्यंत पोचण्याआधीच हवेने बाजूला ढकलला जातो. इंटिरिअरवाला दिवे, एसीच्या जाळ्या, स्पीकर आणि डिटेक्टर एका सरळ रेषेत बसवतो. सीलिंग देखणे दिसते, आणि डिटेक्टर नेमका जाळीच्या तोंडाशी जातो.

आवाजाचे दुखणे याहून मोठे आहे, आणि नकाशावर ते दिसतच नाही. हूटरचा आवाज प्रत्येक जागी किमान ६५ डेसिबल हवा, किंवा तिथल्या नेहमीच्या गोंगाटापेक्षा किमान ५ डेसिबल जास्त हवा. या दोन्हींपैकी जो आकडा मोठा तो धरायचा. मोकळ्या मजल्यावर चार कोपऱ्यांत हूटर लावून हे साधते. पण एक साधे बंद दार वीसेक डेसिबल आवाज अडवते. फोन बूथ तर बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणूनच बनवलेले असतात. त्यात कानाला हेडफोन लावून बसलेल्या मुलीला बाहेरचा हूटर ऐकू येतो की नाही, हे डेसिबल मीटर घेऊन, बूथचे दार लावून, आत उभे राहूनच ठरवावे लागते. ज्यांना ऐकू येत नाही अशा कर्मचाऱ्यांसाठी लुकलुकणारे दिवे लागतात, आणि ते केवळ मोठ्या हॉलमध्ये लावून भागत नाही. स्वच्छतागृहात, प्रार्थनेच्या किंवा विश्रांतीच्या खोलीत, जिथे माणूस एकटा असतो तिथे ते आधी हवेत.

उद्घोषणेबद्दलही लिहायला हवे. मोठ्या इमारतींत रेकॉर्ड केलेला संदेश वाजतो आणि तो बहुधा फक्त इंग्रजीत असतो. रात्री अकरा वाजता किंवा रविवारी दुपारी त्या मजल्यावर हाउसकीपिंगच्या मावशी, सुरक्षारक्षक आणि एसीचे तंत्रज्ञ असतात. संदेश मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत रेकॉर्ड करायला एक दिवस पुरतो. आपल्या तपासणीच्या तक्त्यात हा मुद्दा घातला तर तो सगळीकडे होईल.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावे लागले त्याकडे येते. एका इमारतीत, तिचे नाव इथे घेत नाही, भाडेकरूने आपल्या मजल्यावर स्वतःच्या ठेकेदाराकडून वेगळे अलार्म पॅनेल, म्हणजे सगळे डिटेक्टर आणि हूटर ज्याला जोडलेले असतात ती नियंत्रणपेटी, बसवून घेतले होते. बिल्डरच्या पॅनेलची कंपनी वेगळी, याची वेगळी. चाचणीसाठी आम्ही त्या मजल्यावरच्या एका डिटेक्टरखाली धुराचा कॅन फवारला. मजल्यावर हूटर वाजले, लोक उठले, सगळे ठीक चालले आहे असे वाटले. मी तळमजल्यावरच्या कंट्रोल रूममध्ये फोन केला. तिथला सुरक्षारक्षक म्हणाला, "मॅडम, इथे काहीच नाही. हिरवा दिवा आहे." दोन पॅनेलमध्ये तारच नव्हती. त्यामुळे इमारतीचा एएचयू, म्हणजे एसीची हवा खेळवणारे यंत्र, धूर वाटत राहिला असता, धूर शिरू नये म्हणून जिन्यात हवेचा दाब देणारे पंखे सुरू झाले नसते, लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबल्या नसत्या आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या लोकांना काही कळलेच नसते. आणि त्या इमारतीकडे अंतिम दाखला होता, सहामाही प्रमाणपत्रही होते. दोन्ही कागद त्यांच्यापुरते खरे होते, कारण दाखला मोकळ्या मजल्याचा होता आणि प्रमाणपत्र बिल्डरच्या पॅनेलचे.

हा प्रकार अपवादाचा असता तर मी तो संबंधितांना तोंडी सांगून सोडून दिला असता. आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, असे किमान एक उदाहरण प्रत्येकाकडे असते.

मजल्याची तार इमारतीला जोडलेली असणे का महत्त्वाचे आहे, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळुरूच्या ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या कार्लटन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीत विजेच्या डक्टमध्ये आग लागली. ज्वाळा फार पसरल्या नाहीत. डक्टमधून धूर वरच्या मजल्यांवर चढला, जिन्याकडची दारे बंद होती, लोकांनी काचा फोडून खाली उड्या घेतल्या. नऊ जण गेले. ती आग ज्या शाफ्टमध्ये सुरू झाली तसा विजेचा शाफ्ट प्रत्येक इमारतीत आहे. तिथे डिटेक्टर बसवायचा, मजल्यामजल्यावर शाफ्टची भोके आगरोधक मसाल्याने बुजवायची आणि डिटेक्टरने इशारा दिला की जिन्याची दारे सुटली पाहिजेत, एवढे तीन धडे त्या एका दिवसात होते.

आपल्याकडे मंत्रालयाची आग आठवते. २१ जून २०१२ च्या दुपारी चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. मूळ इमारत आरसीसीची. आत मात्र वर्षानुवर्षे पार्टिशन, फॉल्स सीलिंग, केबिन आणि फायलींचे ढीग वाढत गेलेले होते. राज्याचा कारभार जिथून चालतो त्या इमारतीत आतल्या बदलांनी आगीला वाट करून दिली. खासगी कार्यालयांत रोज तेच होते आहे, आणि आता हे काम ठेकेदार काही आठवड्यांत उरकतात.

आणि लिफ्ट. ८ मार्च २०२१ रोजी कोलकात्याच्या स्ट्रँड रोडवर पूर्व रेल्वेच्या न्यू कोयलाघाट या कार्यालयीन इमारतीला आग लागली. नऊ जण दगावले, त्यांत आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान होते. लिफ्टचा वापर तिथे जीवघेणा ठरला. आपले जवान अशाच इमारतींत शिरतात. अलार्म वाजताच लिफ्ट आपोआप तळमजल्यावर येऊन दार उघडून थांबावी आणि पुढे ती फक्त फायरमनच्या किल्लीने चालावी, ही जोडणी प्रत्यक्ष चालवून पाहिलेली असली तर त्यांच्या वाट्याचा धोका कमी होतो. त्यांच्यासाठीही मी हे लिहिते आहे.

दारांचा प्रश्न कार्यालयांतच सर्वांत बिकट आहे. प्रत्येक आयटी कार्यालयात येण्याजाण्याच्या दारांवर मॅग्नेटिक लॉक असतात आणि कार्ड दाखवल्याशिवाय ते सुटत नाहीत. माहितीच्या सुरक्षेसाठी ग्राहक कंपन्या त्याचा आग्रह धरतात, जिन्याच्या दारांवरही. हे लॉक विजेवर धरून ठेवलेले असते, वीज तोडली की सुटते. म्हणून नियम सोपा आहे : फायर अलार्मच्या पॅनेलकडून चालणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, थेट लॉकची वीज तोडेल अशी तार घालायची आणि दाराशेजारी हाताने दाबायचे हिरवे बटण द्यायचे, तेही थेट वीज तोडणारे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी अलार्मचा सिग्नल अ‍ॅक्सेस कंट्रोलच्या सॉफ्टवेअरकडे जातो आणि दार सोडायचे की नाही हे ते सॉफ्टवेअर ठरवते. सर्व्हर हँग झाला, नेटवर्कचा स्विच बंद पडला, कुणी सेटिंग बदलले, की दार बंदच. वर अ‍ॅक्सेस कंट्रोलला स्वतःची बॅटरी असल्याने इमारतीची वीज गेली तरी लॉक धरून राहते. पाहणीला आलेल्या आपल्या अधिकाऱ्याने सॉफ्टवेअर चालवणारा संगणक बंद करायला सांगावा, मग अलार्म वाजवावा आणि जिन्याचे दार हाताने ढकलून पाहावे. या एका चाचणीने जे कळेल ते नकाशाच्या दहा पानांतून कळणार नाही.

आमच्या कामात कॉज अँड इफेक्ट नावाचा एक तक्ता असतो. डाव्या बाजूला कारण : अमुक मजल्यावरचा डिटेक्टर, शाफ्टमधला डिटेक्टर, काच फोडून दाबायचा कॉल पॉइंट, स्प्रिंकलरमधून पाणी वाहू लागल्याचे कळवणारा फ्लो स्विच. वरच्या ओळीत परिणाम : कुठले हूटर वाजणार, कुठला संदेश सुरू होणार, कुठले एएचयू बंद, कुठले पंखे चालू, कुठली दारे मोकळी, कुठल्या लिफ्ट खाली. मधल्या चौकटींत खुणा. आराखड्याचा खरा आत्मा या तक्त्यात असतो. डिटेक्टरची जागा ही त्याच्या मानाने सोपी गोष्ट. तरीही अंतिम पाहणीच्या वेळी हा तक्ता फार कमी वेळा मागितला जातो. तो मागितला, त्यातली कुठलीही एक ओळ निवडली आणि 'ही आत्ता चालवून दाखवा' असे म्हटले, तर यंत्रणा जिवंत आहे की नुसती भिंतीवर आहे ते लगेच कळते. तोच तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत, कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावलेला असावा. रात्रपाळीचा रक्षक पॅनेलकडे पाहून घाबरतो, कारण समोरचा दिवा काय सांगतो आहे हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

खोट्या अलार्मबद्दलही लिहायला हवे. पँट्रीत टोस्ट करपला की स्मोक डिटेक्टर वाजतो. दोनदा मजला रिकामा झाला की फॅसिलिटी मॅनेजरवर वरून दबाव येतो आणि तो डिटेक्टर पॅनेलवरून डिसेबल होतो. मग हळूहळू तो पूर्ण झोन, म्हणजे डिटेक्टरचा सगळा गट, डिसेबल होतो. फिट-आउट, म्हणजे आतले इंटिरिअरचे काम, चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून डिटेक्टरवर घातलेल्या टोप्या काम संपल्यावर काढायच्या राहून जातात, हे तर मी कितीतरी मजल्यांवर पाहिले आहे. त्या फॅसिलिटी मॅनेजरला मी दोष देत नाही. पँट्रीत स्मोक डिटेक्टर बसवणाऱ्याने हीट डिटेक्टर किंवा दोन्ही तऱ्हांनी ओळखणारा मल्टिसेन्सर बसवला असता तर ही वेळ आली नसती. चुकीचा डिटेक्टर बसतो याचे कारण बऱ्याचदा आराखडा फुकट केलेला असतो हे आहे. सामान विकणारी कंपनी निविदेसोबत नकाशा मोफत देते, आणि मोफत नकाशात एकाच प्रकारचे डिटेक्टर सगळीकडे टाकलेले असतात. आराखडा कुणी केला, त्याची पात्रता काय आणि सामान कुणी पुरवले, या तीन गोष्टी आपल्या अर्जात वेगवेगळ्या रकान्यांत विचारल्या गेल्या पाहिजेत.

आता मागणीवर येते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ने जबाबदारी मालक आणि भोगवटादार या दोघांवरही टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला बी फॉर्म म्हणतो ते, देण्याची सक्तीही त्याच कायद्याने केली. इतकी स्पष्ट तरतूद हाताशी असताना नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. मला वाटते, आपल्या अखत्यारीतल्या एका परिपत्रकाने खूप काही होईल.

सर्वांत आधी, कार्यालयीन इमारतीत कुठल्याही भाडेकरूने पार्टिशन किंवा फॉल्स सीलिंग बदलले तर त्या मजल्याचा फायर अलार्मचा सुधारित आराखडा, कॉज अँड इफेक्टच्या तक्त्यासह, आपल्याकडे दाखल झाला पाहिजे आणि मजला वापरात येण्याआधी त्याची चाचणी झाली पाहिजे. भाडेकरूचे पॅनेल वेगळे असेल तर ते इमारतीच्या पॅनेलला जोडल्याचे त्या चाचणीत दिसले पाहिजे : वरच्या मजल्यावर धूर फवारायचा आणि तळमजल्याच्या कंट्रोल रूममध्ये उभे राहून पाहायचे. बाकी सगळे नंतर आले तरी चालेल, पण ही गोष्ट आधी हवी.

दुसरे, बी फॉर्मसोबत पॅनेलची नोंदवही मागवावी. आजकालचे अ‍ॅड्रेसेबल पॅनेल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारे, प्रत्येक घटना तारीख-वेळेसह साठवते. कुठला डिटेक्टर कधी वाजला, कुणी केव्हा काय डिसेबल केले, बॅटरीत दोष कधी आला, सगळे. एजन्सीने खरोखर मजल्यावर फिरून डिटेक्टर तपासले असतील तर प्रत्येकाची नोंद त्या प्रिंटमध्ये आपोआप येते. तपासले नसतील तर ती नोंद नसते. डिसेबल असलेल्या डिटेक्टरची यादीही त्याच पॅनेलवर मिळते. एवढी दोन पाने जोडण्याची अट घातली तर आपल्या दलाचा एकही माणूस जास्तीचा न पाठवता प्रामाणिक एजन्सी आणि नुसती सही करणारी एजन्सी यांतला फरक कळेल. आपल्यावर कामाचा किती बोजा आहे हे आम्ही जवळून पाहतो, म्हणून मुद्दाम अशीच गोष्ट सुचवते आहे जिच्यात तपासणीचा पुरावा यंत्रच देते.

याला विरोध होईल. भाडेकरू म्हणतील, मजला ताब्यात घ्यायला उशीर होतो, भाडे मात्र सुरू झालेले असते. त्यांची अडचण खरी आहे. सुधारित आराखडा ऑनलाइन दाखल व्हावा, ठरावीक दिवसांत त्यावर उत्तर यावे आणि चाचणीची वेळ आधीच बांधून मिळावी, एवढी व्यवस्था असेल तर इंटिरिअरचे काम चालू असतानाच हे सगळे होऊन जाते. अलार्मचे काम फर्निचर यायच्या आधी केले तर खर्चही कमी येतो. सगळे बसल्यावर सीलिंग पुन्हा कापावे लागते तेव्हाच तो वाढतो.

पुढच्या सहामाही प्रमाणपत्रांची मुदत येण्याआधी असे परिपत्रक निघावे, अशी कळकळीची विनंती आहे. तक्त्याचा नमुना, चाचणीची पद्धत आणि पॅनेलच्या नोंदीत नेमके काय पाहायचे याची टिपणे मी तयार केली आहेत. आपण बोलावाल त्या दिवशी ती घेऊन येईन, आणि आपल्या अधिकाऱ्यांसोबत एखाद्या इमारतीत मजल्यामजल्यावर फिरून दाखवायलाही तयार आहे.

आपली विश्वासू,
फायर अलार्मचे आराखडे करणारी एक अभियंता, पुणे